पुढचे चार दात

तांडापेठेत आमची पिठाची चक्की.
फळीवर डबे, डब्यांवर खडूनं नावं:
हेडाऊ, दहा किलो, जाड.
बाबांच्या भुवया सकाळी काळ्या, संध्याकाळी पांढऱ्या.
मी त्या पांढऱ्यात वाढले.

नववं लागलं तेव्हा कुठे पुढचे दात आले.
आले ते पिवळट, बारीक खळगे घेऊन,
आणि आडव्या रेघा, डावीकडे तशाच उजवीकडे,
कुणी पट्टी ठेवून ओढल्यासारख्या.
आत्या म्हणाली, काऊन गं, कोळसा चघळते का?
शाळेत बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं,
ब्रश करतेस ना?
मावशीच्या लग्नाच्या फोटोत माझा हात तोंडावर आहे.
नंतरच्या सगळ्याच फोटोंत आहे.
कॉलेजात मुली म्हणायच्या, किती लाजते ही.

महिन्यातून दोनदा तोंड यायचं.
गालाच्या आत, जिभेच्या कडेला, हिरडीच्या मुळाशी
ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे फोड.
उशीवर कधी रक्ताचा एक ठिपका.
रविवारी सावजी रस्सा व्हायचा,
सगळे नाक पुसत, हाश्शहुश्श करत जेवायचे,
आणि आई माझ्यासाठी पोळी दुधात कुस्करायची.
गव्हाची.
मऊ म्हणून.
तोंडाला आराम म्हणून.

मग मेडिकलच्या आवारातलं डेंटल कॉलेज,
एप्रिल, कूलर चालू पण आत पाणी नाही.
डॉक्टर गडपायले अजून शिकत होती, माझ्याहून लहान असावी.
आरसा आत घालून ती बराच वेळ गप्प राहिली.
मी नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहत होते,
गोड फार खाता का?
तिनं विचारलं, पोट कसं असतं तुमचं?

सव्वीस वर्षांत
तोंडाला पोटाची खुशाली कुणी विचारली नव्हती.
मी आडवी पडल्यापडल्या छताला सगळं सांगितलं:
फुगणं, पळापळ, रक्तवाढीच्या गोळ्या
ज्या वर्षानुवर्षं खाऊन रक्त वाढलं नाही.
ती म्हणाली, दात हिरडीच्या आतच घडतात,
बाहेर येण्याच्या किती आधी.
तेव्हाच काहीतरी कमी पडत होतं.

आजोबा मागावर पातळं विणायचे.
अंगात ताप असला, ठोका हलका पडला,
की कापडात तिथं आडवी विरळ पट्टी उतरायची.
इतवारीतला व्यापारी डोळे मिटून, नुसत्या बोटानं
ती शोधायचा आणि भाव पाडायचा.
कितीही धुवा, जायची नाही.

रक्त तपासलं, घशातून नळी घातली,
आतड्याचा कणभर तुकडा काचेखाली गेला.
गहू, रवा, मैदा, सातू: बंद.
पुडाची वडी बंद. लग्नातले रोडगे बंद.
बाबांनी रिपोर्ट चष्मा वर करून, मग खाली करून पाहिला.
विचारलं, माह्या चक्कीनं झालं का हे, बाई?
ती म्हणाली, नाही काका,
कुणाच्या चक्कीनं होत नसतं.
बाबांनी मान हलवली.
पटलेल्या माणसासारखी नाही हलवली.

आता रात्री नऊला ते अंगणातल्या नळाखाली बसतात,
शर्ट बाहेरच्या खिळ्याला.
कुठून तरी जुनी, छोटी चक्की आणलीय,
मागच्या खोलीत, फक्त ज्वारी-तांदळाची.
शेजारी एक डबा. त्यावर खडूनं: मोनाली.
किलो लिहिलेले नाहीत.

दिवाळीपर्यंत फोड थांबले.
हिरड्या गुलाबी झाल्या, मला आधी कळलंच नाही
की हा त्यांचा रंग असतो.
दात मात्र होते तसेच.
गडपायलेनं दोन भरून दिले, पांढरे,
इतके पांढरे की उरलेले दोन जास्तच दिसतात.
त्यांची तारीख मार्चमधली.

परवा चुलतभावाच्या लग्नात
फोटोवाला ओरडला, हसा!
माझा हात निघाला, सवयीनं.
फोटोत तो हनुवटीपाशी आहे,
वर जावं की खाली, न ठरलेला.
बाजूला बाबा,
संध्याकाळ असून
भुवया काळ्या.